सहा पायलीचं रान

माझ्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यावं, असं आमच्या गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. ते खरं आहे. सांबऱ्याच्या धावपट्टीवर उतरायला आलेलं विमान आमच्या म्हशीनं अडवलं, ही गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली की शेवटी शेवटी म्हैस विमानाचा आवाज आला की मान ताठ करून उभी राहायची. तेव्हा पुढं जे सांगतो आहे त्यातलं निम्मं तुम्ही आपापल्या सोयीनं गाळा. फक्त आकडे गाळू नका. सहा, नऊ, साठ आणि नव्वद. हे चार आकडे जसे होते तसे ठेवले आहेत.

आमचं गाव सांबऱ्याच्या पलीकडं, भाताच्या पट्ट्यात. माझ्या तरुणपणापर्यंत तिथं एकर कुणी बोलत नसे. एकर हा शब्द बेळगावात कचेरीत राहायचा, आणि त्याला भेटायचं तर धुतलेलं धोतर नेसून जावं लागायचं. गावात रान मोजायचं ते बियाण्यानं. पायली म्हणजे धान्य मोजायचं लाकडी माप. एक पायली भात ज्या रानात पेरून संपतं ते पायलीचं रान, चार पायली लागतं ते चार पायलीचं. पोरगी बघायला आलेला पाहुणा चहाची बशी तोंडाला लावता लावता विचारायचा, "किती पायलीचं रान हाय म्हणायचं तुमचं?" आणि उत्तर ऐकून बशी खाली ठेवायची की दुसरा कप मागायचा, ते ठरवायचा.

आता यातली गोम सांगतो, कारण आमचं सगळं घर त्या गोमेवर घसरून पडलं.

आमच्याकडं भात पेरतात ते मे महिन्यात, कोरड्या धुळीत. चार फणांची कुरी बैलांना जुंपलेली असते. कुरीच्या माथ्यावर लाकडी वाटी असते, तिला चाडं म्हणतात. मागून चालणारा माणूस मुठीतून त्या चाड्यात दाणे सोडत जातो आणि ते चार नळ्यांतून चार फणांमागं मातीत उतरतात. मूठ सैल धरली की बी जास्त जातं, रोपं दाटीवाटीनं उगवतात. मूठ फारच आवळली की मधे मधे टक्कल पडतं. म्हणजे रान किती पायलीचं, हे रानावर जेवढं, तेवढंच मुठीवर. सगळ्या गावाच्या मुठी थोड्याफार सारख्याच चालायच्या, म्हणून हे माप शेकडो वर्षं खपून गेलं.

आमच्या आप्पाची मूठ मात्र सारखी नव्हती.

माझ्या बापाची उंची बेताची, पाय फेंगडे, आवाज फाटका. देवानं सगळा माल त्याच्या उजव्या मुठीत भरला होता. त्याच्या मुठीतून दाणे असे उतरायचे, जसं काही एकेकाचं नाव पुकारलं जातंय आणि तो हजर म्हणून पुढं होतोय. एकदा त्यानं पैजेनं मोजून शंभर दाणे मुठीत घेतले आणि बांधापासून बांधापर्यंत एक तास, म्हणजे कुरीची एक फेरी, ओढला. शंभरावा दाणा पडला आणि बैलांचं नाक बांधाला लागलं. आमच्या रानावर चिमण्या बसत नसत. वर सांडलेला दाणाच नसायचा, त्यांनी यायचं कशाला? शेजारच्या रानात बसून त्या आमच्याकडं बघून शिव्या द्यायच्या. आणि पीक? एकसारखं, फणीनं भांग पाडल्यासारखं.

जे रान गावातल्या कुठल्याही मुठीला नऊ पायली गिळलं असतं, ते आप्पा सहा पायलीत पेरायचा. म्हणून आमच्या रानाचं नावच सहा पायलीचं रान. तालुक्यातनं माणसं पेरणी बघायला येत. आप्पा वर बघायचा नाही, पण त्याचे कान लाल व्हायचे.

रान आमचं म्हणालो खरा. ते आमचं नव्हतं. मालक बेळगावात राहायचे. त्यांचा एकच मोठा सर्व्हे नंबर होता. त्यातला रस्त्यापासून ओढ्यापर्यंतचा तुकडा आजोबांपासून आम्ही कसत होतो आणि निम्मं भात मालकांच्या घरी पोचवत होतो. नंबर एकच असल्यामुळं आमच्या तुकड्याची वेगळी मोजणी कधी झाली नव्हती. गरजच काय होती? इकडं रस्ता, तिकडं ओढा, आणि मधे आप्पाची मूठ. यातली ओढ्याकडची पट्टी म्हणजे तर लोणी. भात निघालं की त्याच ओलीवर तिथं मसूर यायची. आमच्या घरात वर्षभर मसुरीची आमटी असायची ती त्या पट्टीच्या जिवावर.

मग कायदा आला. जो कसतो त्याची जमीन. सत्तरच्या दशकातली अर्धी वर्षं उलटली होती. मी बी. ए. होऊन घरी बसलेला, बावीस वर्षांचा, नोकरी नाही, पण कन्नड लिहिता-वाचता येत होतं, म्हणून आमच्या गल्लीत माझा भाव कलेक्टरच्या खालोखाल. गल्लीतल्या सगळ्या कुळांचे फॉर्म मी भरले. आमचाही.

फॉर्ममध्ये रकाना होता: क्षेत्र, एकर, गुंठे.

"आप्पा, एकर किती घालू?"

"एकर कुणी बघितलाय? सहा पायली लिही."

"तसं चालत न्हाय ओ. गुंठे पायजेत."

"का चालत न्हाय? सरकारला पायली म्हाईत न्हाय व्हय? सरकार काय दगडं खातंय?"

मी लिहिलं. एकराच्या रकान्यात, वळणदार कन्नड अक्षरात, सहा पायली. कचेरीतल्या कारकुनानं फॉर्म उलटासुलटा केला, हसला, आणि गठ्ठ्यात टाकला. बाकीच्यांच्या फॉर्मवर मी नीट अंदाजानं गुंठे लिहिले होते. आमच्या फॉर्मवर मात्र बापाचा मोठेपणा लिहिला.

सुनावणीची तारीख आली. त्या दिवशी सकाळी आई भाकरी फडक्यात बांधत होती. आप्पा मागच्या दारी तोंड धूत होता, तेवढ्यात ती मला म्हणाली, "आज नऊ सांग."

"काय नऊ?"

"नऊ पायली. तुझ्या बापाच्या मुठीनं सहा, पर दुसऱ्या कुणाबी माणसाला नऊ लागत्यात. सायेब काय तुझ्या बापाची मूठ मोजाय येणार हाय? रान मोजायचं हाय न्हवं?"

आयुष्यात शाळेची पायरी न चढलेल्या बाईनं चुलीपुढं बसून हे सांगितलं. आप्पानं मागून ऐकलं. तोंडावरचं पाणी तसंच, तो आत आला.

"माझ्या रानाचं माप दुसऱ्याच्या मुठीनं सांगू? उद्या म्हणशील दुसऱ्याच्या तोंडानं जेव."

"जेवाय तरी मिळंल," आई म्हणाली.

"गप. सहाचं रान हाय, सहाच सांगायचं. लोक काय म्हंतील? मूठ गेली म्हंतील."

आईनं भाकरीची गाठ आवळली आणि ती माझ्या हातात देताना डोळ्यांनी पुन्हा नऊ म्हणाली. मी मान हलवली. माझी मान कुठल्याही बाजूला सहज हलते.

बेळगावात कचेरीच्या हॉलमध्ये माणसं अशी भरली होती की पंख्याला फिरायला जागा नव्हती. समोर टेबलामागं साहेब आणि मंडळी. कामकाज सगळं कन्नडात. आप्पाला बाजारापुरतं कन्नड येत होतं, आकडे आणि शिव्या, पण कचेरीत शिरला की त्याची जीभ टाळूला चिकटायची. म्हणून दुभाषी मी. मालक पुढच्या बाकावर बसले होते, पांढरा कोट, मांडीवर छत्री. हसून त्यांनी आप्पाला खूण केली. आप्पानं हात जोडले. इतक्या वर्षांची सवय, काय करणार?

साहेबांनी फॉर्म वर धरला. हे पायली काय आहे?

तलाठी उठला. त्या गावात असंच बोलतात, एका पायलीला सर्वसाधारण दहा गुंठे धरतात, असं त्यानं सांगितलं. सहा पायली म्हणजे साठ गुंठे, दीड एकर.

साहेबांनी मालकांकडं बघितलं. माझी अपेक्षा होती की आता मालक तंटा करतील, दीड एकर कुठला, एक एकरच आहे म्हणतील. मी त्याच्यासाठी चार जोरदार वाक्यं पाठ करून आणली होती. मालक उठले, आणि आप्पाच्या खांद्यावर हात ठेवला.

"साहेब, माझी हरकत न्हाय. हा माणूस सहा म्हणाला तर सहाच. खोटं बोलायची जात न्हाय त्याची. आन् मूठ म्हणाल तर अशी मूठ सगळ्या जिल्ह्यात दाखवा. काय रं, खरं का न्हाय?"

आधी कन्नडात साहेबांना, मग मराठीत आप्पाला. आप्पाचे कान लाल झाले. भर कचेरीत, साहेबापुढं, मालकानं मूठ वाखाणली. त्या क्षणी मालकांनी त्याला सहाच्या ठिकाणी तीन म्हणायला लावलं असतं तरी तो व्हय म्हणाला असता.

साहेबांना गंमत वाटली. त्यांनी मला विचारलं, खरंच एवढी मूठ आहे का?

इथं माझं तोंड उघडलं.

नऊ म्हणायची हीच वेळ होती. नऊला कन्नडात एकच शब्द लागतो. पुढं नुसतं एवढंच म्हणायचं, की साहेब, मूठ आवळ आहे म्हणून सहा, रान नऊचं आहे. पण सगळा हॉल माझ्याकडं बघत होता. बावीस वर्षांत माझ्याकडं एवढ्या माणसांनी कधी एकदम बघितलं नव्हतं. मी शंभर दाण्यांची पैज सांगितली. हॉल हसला. मी चिमण्यांच्या शिव्या सांगितल्या, त्याही कन्नडात, चिमणीच्या आवाजात. तलाठी डोळे पुसायला लागला. साहेब हसत हसत म्हणाले, म्हणजे बरोबर सहाच पायली लागतात? आणि मी, ज्यानं जन्मभर शेराचा मण केला, मी छाती काढून म्हणालो, "साहेब, सहा कशाच्या? त्यातलंसुद्धा ओंजळभर भात परत घरी येतं!"

"आय्तु," साहेब म्हणाले. झालं. आणि त्यांनी लिहिलं.

आप्पानं सही केली. त्याला सही यायची, तीन अक्षरांची, कुरीच्या तासासारखी सरळ. मालकांनी बाहेर येऊन त्याला पान दिलं.

परतताना एस. टी.त आप्पा शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होता, सायेब कसा हसला, मालक काय म्हणाले, पोरगा कसा फडाफडा कन्नड बोलला. मीही मधे मधे भर घालत होतो. घरी आलो तर आई दारात उभी.

"किती सांगितलंस?"

मी चपला काढायला वाकलो. चपला काढायला एवढा वेळ मी कधीच लावला नव्हता.

"बरं," म्हणाली आणि म्हशीकडं गेली.

पुढं वर्ष-दोन वर्षं गेली आणि मोजणीदार आला. सोबत साखळी. ही साखळी तेहतीस फुटांची असते, तिचे सोळा आणे. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा. लोखंडाच्या कड्या, त्यांना मूठ नाही की कान नाहीत. कितीही कौतुक केलं तरी लाल होत नाहीत. मोजणीदारानं रस्त्याकडून सुरुवात केली. मी साखळीचं टोक धरून पुढं, त्याचा माणूस मागं. दुपारपर्यंत साठ गुंठे झाले. त्यानं दगड पुरायला सांगितला.

आप्पा दगडाकडं बघत राहिला. मग दगड ओलांडून चालत ओढ्यापर्यंत गेला आणि परत आला.

"सायेब, हितनं वड्यापतूर माझंच हाय की."

"असंल. कागदात साठ गुंठं हाईत."

"पर मी पेरतोय न्हवं. माझ्या बापापासनं."

"अण्णा, मी कागद मोजाय आलोय."

माणूस वाईट नव्हता. आप्पाचं तोंड बघून त्यानं, काही गरज नसताना, दगडापासून ओढ्यापर्यंतही साखळी टाकली. तीस भरले. तीस गुंठे, मसुरीच्या पट्टीसकट. साठ आणि तीस नव्वद, म्हणजे नऊ पायल्या. आईचा हिशेब एका आण्यानंसुद्धा चुकला नव्हता.

मालक छत्री टेकून बांधावर उभे होते. आप्पा त्यांच्याजवळ गेला. त्यानं नुसता उजवा हात पुढं केला, मूठ उघडी. मालक म्हणाले, "तुझ्या मुठीच्या हिशेबानंच झालं की रं सगळं. मी काय एक शब्द इकडचा तिकडं केला का?"

खरंच केला नव्हता. आम्ही कचेरीत अर्ज घेऊन गेलो, एकदा नव्हे, चारदा. तिथल्या माणसानं शेवटी फाईल उघडून दाखवली. जबाब तुमचा, सही तुमची, बोलणारा तुमचाच मुलगा. आणखी कुणाविरुद्ध तक्रार करायची आहे तुम्हाला?

कैक वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की मी नऊ म्हणालो असतो तरी आप्पानं तिथंच ओरडून सहा केलं असतं, आकडे त्याला कळत होते. हे अर्धं खरं आहे. ओरडला असता. पण मला त्याची भीती वाटली म्हणून मी गप्प बसलो, असं काही नव्हतं. मी गप्प बसलोच कुठं? मला मजा येत होती.

त्यानंतरच्या मे महिन्यात पेरणी आली. रान आता साठ गुंठ्यांचं. आप्पाच्या मुठीला चार पायली पुरली असती, त्यातलं ओंजळभर, माझ्या म्हणण्याप्रमाणं, घरी आलं असतं. आईनं चार पायली मापून बुट्टीत घातली. आप्पा कणगीपाशी गेला आणि आणखी दोन घातली.

"चारचं रान हाय आता," आई म्हणाली.

"सहाचं हाय. सरकारनं लिवलंय."

मी बैल हाकत होतो. मागं वळून बघितलं तर त्याची मूठ सैल होती, पार उघडीच म्हणा ना. चाड्यातून दाणे बाहेर सांडत होते आणि तो समोर बघत चालला होता. रान संपलं तेव्हा बुट्टीत पायलीभर बी उरलं होतं. त्यानं बैल वळवले आणि पेरलेल्यावरच आडवी कुरी धरली, बुट्टी पालथी होईपर्यंत. मी आप्पा, आप्पा म्हणून हाका मारत होतो. त्यानं एकदासुद्धा माझ्याकडं बघितलं नाही.

आणि चिमण्या आल्या. आमच्या रानात पहिल्यांदाच, सगळ्या पंचक्रोशीतल्या. इथं मी आकडा सांगत नाही, कारण सांगितला तर तुम्ही निम्मा कराल. त्यांनी खाऊनही भात असं उगवलं, की दोन रोपांत बोट शिरेना. गुडघ्याएवढं झालं आणि पिवळं पडलं. एकमेकाला रेटत उभं होतं. लोंब्या आल्या त्या पोकळ. कापणीच्या वेळी माणसं आली, बांधावर उभी राहिली आणि परत गेली. जी तालुक्यातनं पेरणी बघायला यायची, त्यांतलीच होती.

पुढच्या वर्षी आप्पानं चाडं माझ्याकडं दिलं. मला सात पायली लागली. मूठ माझी भोकाची, तोंडासारखीच. त्यानं ते बघितलं आणि बैल हाकत राहिला. शेवटपर्यंत तो बैलच हाकत होता. आमटी आम्ही विकतच्या मसुरीची खाल्ली. पातळ आहे असं कुणी म्हणालं की आई म्हणायची, "ओंजळभर परत येतंय न्हवं घरात, त्येची घाला." कुणीतरी तिला हॉलमधलं सगळं सांगितलं होतं. बहुतेक मीच, फुशारकीत.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला मला बेळगावात नोकरी लागून पुष्कळ वर्षं झाली होती. मालकांनी ओढ्याकडच्या पट्टीत प्लॉट पाडले. तीस बाय चाळीस फूट. आता तिथं फुटानं व्यवहार. एका रविवारी मी गावी गेलो होतो. पाया खणायच्या तयारीतला एक नवा माणूस, मास्तर होता बहुतेक, एकटाच टेपशी झगडत होता. मला म्हणाला, "जरा टोक धरता का?"

धरलं. टोक धरायचा मला अनुभव होता.

पलीकडच्या खुंटीपाशी वाकून टेपवरचा आकडा बघता बघता त्यानं सहज विचारलं, "पूर्वी काय होतं हो इथं?"

"भात. मागनं मसूर." मग मी म्हणालो, "रस्त्यापासनं सगळं मिळून नऊ पायलीचं रान होतं."

"नऊ पायली म्हणजे किती?"

तो आकड्यासाठी पेन्सिल कानावरून काढून थांबला होता. मी टोक सोडून दिलं. टेप धुळीतून सरसरत त्याच्याकडं गेली, आणि तो ओरडला, "अहो, धरा की, अजून मोजायचंय!"